जुना मोबाईल : त्याची निगा व त्याची मर्यादा

घरातील तांब्याचा हंडा किंवा पाटा-वरवंटा दोन-तीन पिढ्या चालतो, आणि त्याच्या जुनेपणाची कोणास लाज वाटत नाही. मोबाईलची गोष्ट निराळी आहे. भारतात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून ज्योती बसू हे दिल्लीस सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हापासून हे यंत्र आमच्या मुलुंडासारख्या उपनगरांत घरोघर पोहोचले, आणि दोन-तीन वर्षांनी ते टाकून नवे घेण्याची चालही त्याच्या पाठोपाठ आली. ही चाल कितपत आवश्यक आहे, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

मोबाईल दोन रीतींनी वृद्ध होतो, व या दोहोंतील भेद ओळखणे हेच मुख्य होय. पहिले वार्धक्य शरीराचे. त्यात सर्वांत आधी थकते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली; तिच्या जनकांना, म्हणजे गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना, २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरी भरताना लिथियमचे कण एका बाजूकडून दुसरीकडे जातात व वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत त्यांपैकी थोडे कण रासायनिक क्रियेत अडकून पडतात. म्हणून सुमारे ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर पुष्कळशा बॅटऱ्यांची धारणशक्ती मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. उष्णतेने ही झीज अधिकच वाढते. वैशाखाचा उकाडा व रात्री उशीखाली ठेवून केलेले चार्जिंग ही दोन्ही बॅटरीची शत्रू होत. यास्तव ती अगदी शून्यापर्यंत उतरू देऊ नये, तशीच भरल्यावर तासन् तास चार्जरला लावून ठेवू नये. बॅटरी फुगलेली दिसल्यास मात्र फोनचा वापर तत्काळ थांबवावा. तिला टोचणे वा दाबणे म्हणजे आगीस आमंत्रण देणे होय.

सुदैवाने या वार्धक्यास औषध आहे. मुलुंडास गाडीत बसल्यावर दादर येईपर्यंत मान टाकणारा फोन बॅटरी बदलताच पुन्हा दिवसभर काम देऊ लागतो. फुटलेली काच बदलता येते. चार्जिंगच्या खाचेत साचलेला खिशातील कचरा हलक्या हाताने काढला, तरी कित्येकदा भागते.

दुसरे वार्धक्य आज्ञावलीचे, आणि त्यास दुरुस्तीच्या दुकानात उपाय नाही. कंपनी काही वर्षांनी सुधारणा पाठविणे बंद करते. यंत्र धडधाकट असते, परंतु जग पुढे गेलेले असते. अँड्रॉईड ४.४ वर चालणाऱ्या फोनांत जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲप बंद झाले, ते याच कारणाने. शिवाय आज्ञावलीतील छिद्रे बुजविणारा कोणी न उरल्यामुळे चोरट्यांस वाट मोकळी राहते. म्हणून सुधारणा थांबलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. काटकसर हा सद्गुण खरा. पण शे-पाचशे वाचविताना महिन्याचा पगार गमावणे ही काटकसर नव्हे.

साध्या बटणांच्या फोनास हे दुसरे वार्धक्य फारसे जाणवत नाही. २००३ साली निघालेल्या नोकिया ११०० चे २५ कोटींहून अधिक नग खपले. त्यात विजेरी होती आणि त्याच्या बटणांत धूळ शिरत नसे. असे फोन टूजी लहरींवर चालतात. २०१६ साली सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात मात्र टूजी नसल्याने तेथे ते मुके होतात. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेल्या यूपीआय १२३पे या सोयीमुळे इंटरनेटवाचूनही पैसे देता येऊ लागले, ही आजी-आजोबांच्या दृष्टीने मोठीच सोय झाली.

जुन्या यंत्राची खरी किंमत २०२० साली पुष्कळांस कळली. शाळांची दारे बंद झाली आणि धडे मोबाईलवर येऊ लागले. ज्या घरी दोन-तीन भावंडांत एकच फोन होता, तेथे कपाटात पडलेला जुना फोन दुसऱ्या मुलाची शाळा ठरला. तो आधीच फेकून दिला असता, तर त्या मुलाचा अभ्यास बुडाला असता.

प्रश्न एका घराचाच नाही. २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन विजेच्या उपकरणांचा कचरा निर्माण झाला, आणि त्यांपैकी चौथा हिस्साही रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. युरोपीय संघाने जून २०२५ पासून नव्या मोबाईलचे मुख्य सुटे भाग सात वर्षे पुरविण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. आपल्या सरकारनेही २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले आहे.

तेव्हा नवा फोन मागण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आपल्या जुन्या फोनविषयी दोन प्रश्न विचारावेत : बिघाड शरीराचा आहे काय, आणि सुधारणा अद्याप येतात काय? दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल, तर दुरुस्ती करून तो खुशाल वापरावा. सुधारणा थांबल्या असल्यास त्यातून बँकेचे व्यवहार काढून घ्यावेत आणि गाणी, छायाचित्रे व गजराचे घड्याळ यांपुरता तो ठेवावा. अगदीच निकामी झाला, तर आतील माहिती पुसून तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. ओल्या कचऱ्याच्या डब्यात त्याची जागा नाही.