विहिरीवरचं झाकण

पार्ले, घाटकोपर किंवा मुलुंडच्या जुन्या वाडीत पुनर्विकासातून वाचलेली एखादी विहीर अजूनही दिसते. तोंडावर सिमेंटची लादी नाहीतर लोखंडी पत्रा आणि त्यात जाळीचं छोटं दार. मूल आत पडू नये म्हणून ही सोय केली असावी, असं आपल्याला वाटतं. पण अशा झाकणांमागे बऱ्याचदा दुसरंच कारण असतं : डास.

मलेरिया गटारामुळे होतो, असा समज आजही घट्ट आहे. प्रत्यक्षात गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स डास. तो हत्तीरोग पसरवू शकतो, मलेरिया नाही. मुंबईत मलेरिया पसरवणाऱ्या डासाचं नाव ॲनॉफिलिस स्टिफेन्सी. त्याला लागतं स्वच्छ, साठवलेलं पाणी. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल लिहिला, तेव्हा त्यांचं बोट विहिरींकडे होतं. १९२८ साली गॉर्डन कॉव्हेल यांच्या अहवालातही हाच डास मुख्य आरोपी ठरला.

विहिरी बंद करा, असं सांगणं सोपं होतं. पण अनेक हिंदू आणि पारशी घरांत विहीर पूजेची, तिचं पाणी उघडं असावं ही श्रद्धा. त्यातून जाळीच्या दाराची तडजोड निघाली. जाळी फाटली किंवा दार उघडं राहिलं, की डासाला रस्ता मोकळा.

हे झालं शहराचं. उपनगरांची गोष्ट वेगळी. १८९६ च्या प्लेगनंतर दाटीला कंटाळलेली माणसं मोकळ्या हवेसाठी साष्टीत येऊ लागली. १९२० मध्ये उपनगर जिल्हा वेगळा झाला. पण मुंबई महापालिकेची हद्द माहीम-शीवपाशी संपत होती. पलीकडे पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ अशा छोट्या नगरपालिका आणि त्यांच्या छोट्या तिजोऱ्या. विहार आणि तुळशी हे तलाव उपनगरांच्याच डोंगरात, तानसाची जलवाहिनी मुलुंड-भांडुप-घाटकोपरवरून गेलेली. पण ते पाणी प्रामुख्याने शहरासाठी होतं. उशाशी तलाव असून वाड्यांना आधार विहिरीचाच.

संडासही तसेच, टोपलीचे. घरामागच्या गल्लीतून पहाटे सफाई कामगार येत आणि मैला डोक्यावरून किंवा गाडीतून नेत. उपनगरांच्या आरोग्याचा भार जातीने या कामाला जुंपलेल्या माणसांनी वाहिला. पुढे अनेक इमारतींखाली सेप्टिक टँक आले. मैल्याच्या भूमिगत वाहिन्या त्यानंतर, टप्प्याटप्प्याने आल्या आणि काही वस्त्यांत त्या आजही पोहोचलेल्या नाहीत.

१९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत सरकली. १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. बोरिवलीचा रहिवासी कागदावर एका दिवसात मुंबईकर झाला. नळ, गटार, आरोग्य निरीक्षक हे मात्र एका दिवसात येत नाहीत. त्याच दशकात वैतरणेवरचं धरण झालं, आजचा मोडक सागर. उपनगरांत नळ वाढू लागले आणि विहिरी मागे पडल्या.

इथे डासाने आपल्याला गाठलं. नळाला पाणी दिवसातून काही तासच, म्हणून प्रत्येक इमारतीने खाली एक आणि गच्चीवर एक टाकी बांधली. स्वच्छ, सावलीतलं, साठवलेलं पाणी म्हणजे डासासाठी विहीरच. फरक इतकाच, की ती आता जमिनीतून उठून छपरावर गेली होती.

देशात १९५३ पासून डीडीटीची मोहीम जोरात होती. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण जेमतेम लाखावर आले आणि १९७६ मध्ये पुन्हा ६४ लाखांवर गेले. घराच्या भिंतींवर फवारलेलं औषध गच्चीवरच्या टाकीतल्या अळीला काही करत नाही. शहरात अळीच शोधावी लागते, आणि त्यासाठी कुणीतरी शिडी चढून झाकण उघडावं लागतं.

हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेत, जिबूतीत सापडला आणि नंतर इथिओपियातही. एरवी खेड्यांचा मानला जाणारा आफ्रिकेतला मलेरिया त्याच्यामुळे शहरांत पसरेल, ही आज जगाची चिंता आहे. मुंबईने शंभर वर्षांपूर्वी गिरवलेला धडा तिथे पुन्हा उघडला जातो आहे.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाहणी पुरते. टाकीचं झाकण घट्ट बसतं का? ओव्हरफ्लोच्या आणि सेप्टिक टँकच्या हवेच्या नळीला जाळी आहे का? पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे कोरडा केला का? डेंग्यूच्या एडिस डासाची अंडी कोरड्या भांड्याला महिनोन्‌महिने चिकटून राहतात. पिंप नुसतं ओतू नका, आतून घासा.

पालिकेचा कर्मचारी गच्चीची किल्ली मागायला येतो, तेव्हा सोसायटीत ती बऱ्याचदा सापडत नाही. पुढच्या वेळी ती वॉचमनकडे ठेवा. विहिरीवर झाकण बसवायला मुंबईला दोन अहवाल आणि कितीतरी वर्षांचे वाद लागले. आपल्याला चारच जिने चढायचे आहेत.