कचेरीतील बैठक

दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याची पाठ दुखू लागली, की घरची माणसे त्यालाच बोल लावतात: 'वाकून बसतोस, ताठ बसत जा!' आमच्या मते हा दोष पुष्कळदा माणसाचा नसून टेबलाचा असतो.

हे दुखणे आजचे नव्हे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७१३ साली लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे दिली: सततची बैठक, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरील ताण. लेखणी गेली, कळफलक आला. तिन्ही कारणे मात्र कायम आहेत.

आता टेबलाकडे पाहू. कचेरीतले टेबल बहुधा अडीच फुटांच्या आसपास उंच, आणि सर्वांना तेच. पाच फूट उंचीच्या बाई त्यापुढे बसल्या, की त्यांचे कोपर टेबलाच्या बरेच खाली राहते. मग खांदे उचलून बोटे चालवावी लागतात आणि संध्याकाळपर्यंत मान भरून येते. खुर्ची वर घ्यावी, तर पाय लोंबकळतात व बैठकीची कड मांडीखाली रुतते. यास्तव आधी कोपर कळफलकाच्या पातळीस येईल इतकी खुर्ची उंच करावी, आणि मग पायांखाली पाट घ्यावा. पाट घरोघरी असतो. तो कचेरीत न्यावयाचा संकोच वाटतो, एवढेच.

पडदा हातभर अंतरावर असावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित खाली ठेवावी. दुहेरी भिंगांचा चष्मा वापरणाऱ्यांनी तर आणखी खाली, नाही तर खालच्या भिंगातून वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते. खरी पंचाईत लॅपटॉपची. त्याचा पडदा नि कळफलक एकमेकांस जोडलेले. हातांची सोय पाहिली, की मान खाली जाते, आणि पाचएक किलोंचे डोके मानेच्या स्नायूंना तोलून धरावे लागते. पेढीवरच्या मुनीमजींचे उतरते डेस्क आठवावे. त्या उतारामुळे वही डोळ्यांकडे उचलली जाई. लॅपटॉपही चार जाड पुस्तकांवर ठेवावा व कळफलक निराळा जोडावा.

राहता राहिले ताठ बसणे. स्वीडनमध्ये नाकेमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० व १९७० च्या दशकांत मणक्यांमधील चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. पाठ टेकून थोडे मागे रेलले असता तो कमी भरला. तेव्हा रेलणे म्हणजे आळस नव्हे. मात्र उत्तम बैठकही तासन् तास तशीच ठेवली तर अंग आखडते. अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत.

साहेबांच्या खुर्चीला पाठ, हात, उंची सारे हलविण्याची सोय असते, आणि साहेब निम्मा दिवस बैठकांना गेलेले असतात. आठ तास एका जागी बसणाऱ्याची खुर्ची मात्र घाऊक दराने येते. खरेदीपूर्वी तीत त्याला घटकाभर बसवून पाहिले, तर कचेरीचा एक पैसाही जादा खर्च होणार नाही.