एका सहीच्या ताब्यातली मुलं

७ फेब्रुवारी २०१४. रशियातल्या सोची इथे हिवाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं आणि शिवा केशवन, हिमांशू ठाकूर, नदीम इक्बाल हे भारताचे तीन खेळाडू तिरंग्याविना तिथे पोचले. त्यांच्या वाट्याला ऑलिम्पिकचा पाच कड्यांचा झेंडा आला आणि देशाच्या नावाऐवजी ‘स्वतंत्र ऑलिम्पिक सहभागी’ अशी ओळख. २०२६ च्या फेब्रुवारीत त्याला एक तप पूर्ण झालं. मिलान-कोर्तिनाचं हिवाळी ऑलिम्पिकही त्याच महिन्यात भरलं आणि आपलं पथक पुन्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच. एवढ्या मोठ्या हिमालयाच्या देशात असं का, हा प्रश्न दर चार वर्षांनी विचारला जातो आणि बर्फ वितळायच्या आत विसरलाही जातो. त्याचं उत्तर मला बर्फात कधीच सापडलं नाही. ते कागदात आहे.

सुरुवातीची वर्षं भराभर उलटली तरी चालतील. १९६४ मध्ये इन्सब्रुकला पोलिश वंशाचे जेरेमी बुजाकोव्स्की भारतातर्फे स्कीइंगला उतरले, १९६८ मध्ये पुन्हा गेले. मग वीस वर्षं सामसूम. १९८८ मध्ये कॅल्गरीला तिघं गेले, त्यात शैलजा कुमार ही हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय स्त्री. चार वर्षांनी आल्बेरव्हिलला आणखी दोघं. सगळं हौसेवर आणि लष्कराच्या आधारावर चाललेलं. १९९८ मध्ये मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा सोळा वर्षांचा शिवा केशवन नागानोला ल्यूजमध्ये उतरला, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं.

मी जवळून पाहिलं ते २००८ ते २०१८ हे दशक. क्रीडा पानावर बर्फाच्या बातमीला चार ओळींपलीकडे जागा मिळत नसे, म्हणून त्या चार ओळींमागचं सगळं टिपून ठेवायची सवय लागली. त्या दशकाने मला बरंच शिकवलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

ल्यूजमध्ये खेळाडू पाठीवर झोपून, पाय पुढे करून, गोठवलेल्या घसरगुंडीवरून ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर वेगाने खाली येतो. भारतात ल्यूजचा एकही ट्रॅक नव्हता, आजही नाही. म्हणून शिवा स्लेडला चाकं लावून हिमाचलच्या घाटरस्त्यांवर सराव करायचा. शेजारून ट्रक जात, समोर मेंढ्या येत. तो व्हिडिओ देशभर फिरला, ‘जुगाड’ म्हणून त्यावर टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला तेव्हाही खटकल्या होत्या. देशाचा खेळाडू वाहत्या रस्त्यावर जीव धोक्यात घालतो, ही खेळखात्याची नामुष्की होती. तिचं आपण कौतुक केलं आणि खात्याला मोकळं सोडलं.

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकसाठी त्याच्याकडे धड स्लेड नव्हता. सर्वोच्च न्यायालयातल्या वकिलांनी वर्गणी काढली तेव्हा तो आला. १२ फेब्रुवारीला, उद्घाटनाच्याच दिवशी, जॉर्जियाचा २१ वर्षांचा नोदार कुमारिताश्विली सरावात ट्रॅकबाहेर फेकला गेला, लोखंडी खांबावर आदळला आणि गेला. जग बघत होतं, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी पुरुषांची सुरुवात खालच्या, महिलांच्या जागेवरून करण्यात आली. सुरक्षेला वेळ लागतो, पैसा लागतो, समिती लागते, असं पदाधिकारी सांगतात तेव्हा मला ती एक रात्र आठवते. करायचं ठरवलं तर एका रात्रीत होतं.

मग सोची. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेला निलंबित केलं होतं, कारण तिच्या निवडणुकीत सरकारी हस्तक्षेप होता. तरीही तिने ती निवडणूक उरकली आणि राष्ट्रकुल स्पर्धेच्या घोटाळ्यात आरोपी असलेल्या माणसाला सरचिटणीस केलं. सुधारायला चौदा महिने हातात होते. नव्या निवडणुका झाल्या ९ फेब्रुवारी २०१४ ला, उद्घाटनानंतर दोन दिवसांनी. ११ तारखेला निलंबन उठलं. हिमांशू आणि नदीम यांच्या शर्यती नंतर असल्याने त्यांना तिरंगा मिळाला. शिवाची शर्यत ८ आणि ९ तारखेलाच आटोपली होती. सरावात स्लेडवरून उलटूनही घसरता घसरता पुन्हा वर चढून बसलेला तो खेळाडू पाचव्या ऑलिम्पिकमध्ये देशाच्या झेंड्याविना उतरला. चार दिवसांची ती दिरंगाई कुणाच्याही अंगाला लागली नाही. ना कुणाची खुर्ची गेली, ना कुणी माफी मागितली.

बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते अशी गोष्ट इथे सांगायला हवी. स्कीइंगचा खेळाडू स्वतःचं नाव स्वतः देऊ शकत नाही. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या, म्हणजे एफआयएसच्या, शर्यतीत उतरायला परवाना लागतो आणि तो राष्ट्रीय फेडरेशनमार्फतच मिळतो. प्रत्येक शर्यतीची एंट्रीही फेडरेशनच पाठवतं. शर्यतीत विजेत्यापेक्षा किती मागे राहिलात त्यावरून गुण ठरतात. ते जितके कमी तितके चांगले आणि ठरावीक मर्यादेखाली आल्याशिवाय ऑलिम्पिकचं दार उघडत नाही. भारतात अशा शर्यती क्वचितच होतात, म्हणून गुण कमवायला परदेश, परदेशासाठी पैसा, पैशासाठी पत्र आणि पत्रावर पुन्हा फेडरेशनचीच सही. अल्पाइन प्रकारात एफआयएसच्या शर्यती साधारण सोळाव्या वर्षी सुरू होतात. म्हणजे मूल दहावी-अकरावीत असतानाच त्याचं अख्खं भवितव्य एका सहीच्या ताब्यात जातं.

ही सही कशी वापरली जाते, ते २०१८ मध्ये उघड दिसलं. प्योंगचांगच्या ऑलिम्पिकला क्रॉस-कंट्री स्कीइंगसाठी जगदीश सिंग जाणार होता. तो गुलमर्गच्या लष्करी हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये घडलेला. त्याच्याबरोबर प्रशिक्षक म्हणून कोण जाणार, यावरून ती शाळा आणि फेडरेशन यांच्यात ऐन तोंडावर जुंपली आणि खेळाडूचं जाणंच धोक्यात आलं. ज्याने वर्षानुवर्षं शिकवलं त्याने बरोबर जावं, यात वादाचं काय होतं?

त्याच वर्षी जानेवारीत मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर तुर्कस्तानात स्लॅलममध्ये कांस्यपदक जिंकली. एफआयएसच्या शर्यतीतलं भारताचं ते पहिलं पदक. पंतप्रधानांनी ट्विट केलं, आणि त्याच आठवड्यात सरकारी मदत मिळत नसल्याचं ती मुलाखतींत सांगत होती. तिचे वडील तेव्हा फेडरेशनचे सरचिटणीस होते. तिच्या कर्तृत्वाला त्याने तसूभरही उणेपणा येत नाही, घड्याळ कुणाचं नातं बघत नाही. पण सरचिटणीसाच्याच घरात ही ओढाताण असेल, तर ज्या पोरांची कुठेच ओळख नाही त्यांचं काय होत असेल?

तंगमर्गचा आरिफ खान हे त्याचं उत्तर. वडिलांचं गुलमर्गला स्कीचं दुकान, म्हणून स्की पायाला लागल्या. २०१८ च्या ऑलिम्पिकसाठी त्याने लोकांकडे वर्गणी मागितली, पैसे पुरे पडले नाहीत आणि संधी हुकली. चार वर्षांनी बीजिंगला स्लॅलम आणि जायंट स्लॅलम अशा दोन्ही प्रकारांत तो थेट पात्र ठरला. भारताचा तिथला एकमेव खेळाडू. जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. सरकारी योजनेतून सुमारे साडेसतरा लाख रुपये मंजूर झाले तेही पात्र ठरल्यावर. झाड वाढल्यावर पाणी घालायची ही पद्धत आहे. पैसा लागतो तो सोळाव्या वर्षी, बूट दर हंगामाला लहान होतात तेव्हा.

एंट्री आणि पैसा यांवर निदान बातम्या तरी झाल्या. मुलांच्या सुरक्षेवर त्या दशकात कुणी अवाक्षर काढलं नाही. गुलमर्गच्या उतारावर मी मुलांच्या शर्यती पाहिल्या आहेत. सकाळी जवान ओळीने आडवे सरकत स्कींनी बर्फ दाबून घेतात, मग बांबूच्या काठ्यांचे गेट रोवले जातात. दहा-बारा वर्षांची पोरं भाड्याचे, दोन साइज मोठे बूट मोज्यांवर मोजे चढवून घट्ट करतात. काहींच्या डोक्यावर हेल्मेट, काहींच्या लोकरी टोपी. एका मुलीचा खांदा बांबूवर आपटला. ती उठली, आणि कुणी विचारायच्या आत स्वतःच म्हणाली, ‘कुछ नहीं हुआ.’ दुखलं असं सांगितलं तर पुढच्या फेरीत नाव येणार नाही, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं.

दुखलेला खांदा लपवणारं मूल दुसरं काय काय लपवत असेल, हा खरा प्रश्न. पण मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आपल्याला सुचतच नाही, हे २०१७ मध्ये दिसलं. त्या वर्षी काश्मीरच्या दोन स्नोशू धावपटूंना अमेरिकेने आधी व्हिसा नाकारला. न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेक या छोट्या गावाने त्यांच्यासाठी रदबदली केली, राहण्या-जेवण्याची सोय केली. व्हिसा मिळाला, जागतिक स्पर्धा झाली आणि काही दिवसांतच त्यांतल्या एकाला बारा वर्षांच्या मुलीशी लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून अटक झाली. पुढे बालकाचं हित धोक्यात आणल्याच्या सौम्य गुन्ह्याची त्याने कबुली दिली. आपल्याकडे चर्चा झाली ती व्हिसाची आणि देशाच्या बदनामीची. परदेशी पाठवण्यापूर्वी खेळाडूंना मुलांशी वागण्याचे नियम कोण समजावून सांगतं, हे कुणी विचारलं नाही. त्या मुलीचा विचार तर त्याहून कमी झाला.

श्रीमंत देशांत सगळं आलबेल आहे, असंही नाही. २०१७ मध्येच कॅनडाच्या कोर्टाने बर्ट्रांड शारे या स्की प्रशिक्षकाला १९९० च्या दशकात मुलींचं लैंगिक शोषण केल्याबद्दल बारा वर्षांची शिक्षा सुनावली. अपिलात काही आरोप गळाले आणि शिक्षा कमी झाली, पण मुळातली गोष्ट पुसली गेली नाही. पुढच्या वर्षी चार माजी खेळाडूंनी आपली नावं लपवण्याचं नाकारलं आणि उघडपणे सांगितलं की, फेडरेशनने मुलींपेक्षा स्वतःची अब्रू जपली. त्याच सुमारास ऑस्ट्रियात निकोला वेर्डेनिग या १९७० च्या दशकातल्या ऑलिम्पिकपटूने स्की जगतातल्या अत्याचारांबद्दल तोंड उघडलं, तेही चाळीस वर्षांनी. त्या देशांत ट्रॅक होते, पैसा होता, डॉक्टर होते. तरी मुली गप्प राहिल्या, कारण संघातली जागा ज्याच्या हातात त्याच्याविरुद्ध बोलायचं होतं.

आपल्याकडे हे कसं घडतं, ते मला पुण्याच्या एका आईने फोनवर सांगितलं. मुलगी चाकांच्या स्केटिंगवरून बर्फाकडे वळलेली, चौदा वर्षांची. शिबिरात मुलींच्या खोल्यांत रात्री पुरुष व्यवस्थापक न विचारता ये-जा करतात, म्हणून आईने लेखी तक्रार दिली. पुढच्या स्पर्धेच्या यादीत मुलीचं नाव नव्हतं. विचारल्यावर उत्तर आलं, ‘ताई, एंट्रीची मुदत संपली.’ संघटनेचं नाव मी लिहीत नाही, कारण मुलगी अजून खेळते आहे. इतकंच लिहितो की त्या आईने दुसरी तक्रार केली नाही.

म्हणून मी म्हणतो की एंट्री, पैसा आणि सुरक्षा हे तीन विषय नाहीत. एकाच हातात यादी आणि तिजोरी दोन्ही असतील, तर त्या हाताविरुद्ध मूल कधीच बोलणार नाही. मग भिंतीवर तक्रारपेटी टांगा नाही तर हेल्पलाइनचा नंबर छापा.

गेल्या काही वर्षांत बदल झाले आहेत, ते नाकारत नाही. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा लेह आणि गुलमर्गला भरतात, महाराष्ट्राचे संघ तिथे जातात. २०२५ मध्ये हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेला ५९ खेळाडू गेले, काही प्रकारांचा पूर्ण खर्च सरकारने उचलला. त्याच वर्षी गुलमर्गची स्पर्धा बर्फच नसल्याने फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावी लागली. हंगाम आखडतोय, म्हणजे परदेशी शर्यती आणि त्यांसाठी लागणारी सही आणखी महाग होणार. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरण, वादांसाठी न्यायाधिकरण, हे त्यात आहे. कायदा चांगला आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदाही २०१२ पासून चांगलाच आहे. प्रश्न बर्फावरच्या शिबिरात तो कुणाच्या खिशातून बाहेर निघतो, हा आहे.

मागणं अवघड नाही. निवडीचे निकष हंगामापूर्वी छापा आणि नाव वगळलं तर कारण लेखी द्या. मदतीची रक्कम थेट खेळाडूच्या किंवा पालकांच्या खात्यात जमा करा आणि ती पात्र ठरण्याआधी द्या. अल्पवयीन मुली असतील त्या प्रत्येक पथकात महिला व्यवस्थापक असल्याशिवाय एंट्री स्वीकारू नका. तक्रार ऐकणारा माणूस फेडरेशनचा नसावा, प्रशिक्षकांच्या ओळखीचाही नसावा. आणि तक्रार केलेल्या मुलाचं नाव त्या हंगामात यादीतून गळलं, तर उत्तर देण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर टाका.

येत्या डिसेंबरात पुण्या-मुंबईहून, नागपूर-नाशिकहून पोरं पुन्हा गुलमर्ग, औली, सोलंग आणि लेहच्या गाड्या पकडतील. त्यांच्या आईवडिलांना माझी एवढीच विनंती आहे: फी भरण्याआधी विचारा की माझ्या मुलाच्या एंट्रीवर सही कोण करतं, त्याचा पैसा कुणाच्या खात्यात जातो आणि रात्री काही झालं तर त्याने कुणाला फोन करायचा. तिन्ही प्रश्नांना एकाच माणसाचं नाव आलं, तर त्या शिबिराला मुलाला पाठवू नका.