कापड जागचं हलेना

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या बोळात, एका जिन्याखाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. गौरी तोंडावर आल्यात, त्यामुळं आतली फळी ब्लाउज शिवणाऱ्या बायकांच्या मशीनींनी भरून गेलीय. माझं काम किरकोळ, बॉबिनच्या डबीची पट्टी सैल झालीय तेवढी बसवून घ्यायची. माझा नंबर येतो न येतो तोच रिक्षातून एक वहिनी उतरतात. रिक्षावाला मशीनचं हेड उचलून टेबलावर ठेवतो आणि दुकानाचे मामा माझी डबी बाजूला सारतात. सणाच्या तोंडावर ज्याचं पोट मशीनवर, त्याचा नंबर आधी. मी काही बोलत नाही.

"काय करतंय?"

"टाका पडतोय मामा, पण कापड म्होरं जाईना. मी हातानं ओढून काढतो बघा."

"कवापासनं?"

"शिमग्यापासनं असंल."

मामा तिच्याकडं नुसतं बघतात. मग सुईतला दोरा काढतात, 'पुढारी'च्या जुन्या अंकाची पट्टी फाडून कापड दाबणाऱ्या फूटखाली धरतात आणि हातचाक फिरवतात. पट्टी बाहेर काढून उजेडात धरतात. खरं तर ओळीनं भोकं दिसायला हवीत, इथं एकच फाटकी चीर आहे. टाका लहान-मोठा करायचा खटका बघतात, तो मोठ्या टाक्यावरच आहे.

"पोरीनं कशिदा काढलाय काय ह्याच्यावर?"

"न्हाई ओ."

प्रश्न भोचक वाटतो, पण तसा नाही. कशिद्यासाठी कापड सरकवणाऱ्या दात्यांवर सपाट प्लेट लावतात किंवा दाते खाली उतरवतात, आणि पुष्कळदा ते परत वर घ्यायचे राहून जातात. असली मशीन रिक्षाभाडं खर्चून इथं येते आणि एका मिनिटात बरी होऊन जाते. आता फूटच्या दांडीवर अंगठा दाबून मामा पुन्हा चाक फिरवतात. दाब ढिला असता, तर अंगठ्याच्या जोरानं कागद थोडा तरी सरकला असता. सरकत नाही.

मग पेचकस हातात येतो. सुईखालच्या प्लेटचे दोन स्क्रू निघतात, प्लेट उचलली जाते आणि मी पुढं वाकतो. दात्यांच्या दोन रांगा असायला पाहिजेत तिथं राखाडी रंगाचा गच्च थर आहे. मामा टोच्यानं एक कड मोकळी करतात आणि चिमट्यानं ओढतात, तशी बोटभर लांबीची पट्टी अखंड बाहेर येते, नमद्यासारखी. तिच्यावर दात्यांच्या खुणा उमटल्यात. लाल, मोरपंखी, जांभळे धागे तिच्यात दिसतात, वर्षभराची गिऱ्हाइकं सगळी त्यात. मामा ती नाकाशी नेतात.

"तेल कंचं घालतासा?"

वहिनी क्षणभर गप्प. "खोबरेल. घरात हुतं म्हणून..."

"खोबरेल तुमच्या डोस्क्याला लावा, ह्याच्या नको."

खोबरेल थंडीत गोठतं आणि चिकट होतं. त्यात कापडाची लव बसते, वर आणखी तेल, वर आणखी लव. मामा ब्रश डिझेलमध्ये बुडवून सगळं धुतात. रॉकेल आता कुठलं मिळायला.

कापड पुढं सरकवणं हा मशीनच्या जन्मापासूनचा घोर आहे. 1846 मध्ये पेटंट घेतलेल्या एलियास हाउच्या मशीनमध्ये कापड एका पट्टीच्या टाचण्यांना टोचून लावावं लागे. पट्टी संपली की मशीन थांबवायची, कापड काढायचं, पुन्हा टोचायचं. 1854 मध्ये अॅलन विल्सननं दाते आणले. वर, पुढं, खाली, मागं, एवढीच त्यांची चाल. सुई वर असताना कापड चावून पुढं न्यायचं आणि सुई खाली उतरली की प्लेटखाली दडी मारून परत जागेवर यायचं. माझ्या मते टाक्याच्या शोधाइतकाच हा शोध मोठा आहे, पण त्याचं नाव कुणी घेत नाही.

धुतलेल्या दात्यांवर पुन्हा कागद. आता भोकं सुटी पडतात, पण दोन जवळ, एक लांब. मामांचं तोंड काही खुलत नाही. ते हेड मागं कलंडवतात. पोटाखाली दोन आडव्या दांड्या दिसतात. एक दात्यांना पुढं-मागं नेणारी, दुसरी वर-खाली करणारी. मामा बोटाच्या टोकानं दाते दाबतात, तर ते हळूच खाली बसतात.

"हितं हाय बघा."

वर-खाली करणाऱ्या दांडीचा पकड-स्क्रू सैल झालाय. दाते चालतात, पण पुरते वर येतच नाहीत. चाक फिरवून मामा ते सगळ्यात वरच्या जागी आणतात, प्लेटच्या वर दाताची पुरी उंची येईल असं धरतात आणि स्क्रू आवळतात. जास्त वर घेतले, तर पातळ कापड चावलं जातं आणि चुण्या पडतात, असं ते स्वतःशीच पुटपुटतात.

सुईही काढली जाते. सपाट प्लेटवर ठेवून लोटली, तर ती डुगडुगते. कापड ओढून ओढून वाकलीय. नवी सुई बसते, दोरा ओवला जातो, खणाचा तुकडा फूटखाली जातो. वहिनी बसतात, चाक फिरवतात आणि डावा हात सवयीनं कापड मागून ओढायला लागतो.

"हात सोडा की! ओढतासा कशाला?"

हात सुटतो. खण आपला आपण निघतो, टीप पडत जाते. वहिनी हसतात, पण लगेच मान वाकडी करून टीप निरखतात.

"मामा, डावीकडं जातंय ओ."

"एका बाजूचे दाते झिजल्यात. बदलायला लागतील."

"मग बदला की आत्ताच."

"आत्ता?" मामा फळीकडं हात करतात. "गौरी झाल्यावर आणा. तवर कापड हातानं नुसतं वळवून धरा, ओढू नका. आणि मशीनचं तेल घेऊन जा."

वहिनी पिशवीतून पैसे काढताना घासाघीस करतात, मामा तेलाची बाटली फुकट देतात आणि माझ्याकडं वळतात.

"तुमचं काय हुतं?"