विम्याविना मोटार आणि कॅलिफोर्नियाचा कायदा

अमेरिकेत मोटारीच्या विम्याबाबत देशभर एकच कायदा नाही. विमा किती रकमेचा असावा आणि तो नसल्यास काय शिक्षा व्हावी, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. मॅसॅच्युसेट्सने १९२७ पासून तो सर्वप्रथम सक्तीचा केला, तर न्यू हॅम्पशायरमध्ये आजही अशी सरसकट सक्ती नाही. अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झालेल्या कॅलिफोर्नियात मात्र विमा किंवा कायद्याने मान्य केलेली अन्य आर्थिक हमी असल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणता येत नाही.

सक्ती असते ती दायित्व विम्याची, म्हणजे चालकाच्या चुकीमुळे दुसऱ्याच्या शरीराची वा मालमत्तेची जी हानी होते तिची भरपाई करणाऱ्या विम्याची. स्वतःच्या मोटारीची दुरुस्ती त्यात येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून या विम्याची किमान मर्यादा एका व्यक्तीच्या इजेसाठी वा मृत्यूसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातील सर्व व्यक्तींसाठी मिळून ६०,००० डॉलर आणि मालमत्तेसाठी १५,००० डॉलर अशी आहे. त्याआधीचे १५,०००, ३०,००० आणि ५,००० हे आकडे १९६७ पासून तसेच राहिले होते. रुग्णालयांचे खर्च वाढत असताना जखमींना अर्धशतकाहून अधिक काळ जुन्याच आकड्यांवर ठेवणे, हा त्यांच्यावर झालेला अन्यायच होता. भारतात त्रयस्थाच्या मृत्यूसाठी वा इजेसाठी विमापत्रात अशी ठराविक कमाल रक्कम नसते, मोटार अपघात दावा प्राधिकरण ठरवील ती भरपाई विमा कंपनीने द्यायची असते. कॅलिफोर्नियात मात्र मर्यादेपलीकडची रक्कम चालकाच्या स्वतःच्या मिळकतीतून वसूल होऊ शकते, हा फरक तेथे नव्याने गेलेल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

विम्याविना वाहन चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याचा मूळ दंड १०० ते २०० डॉलर असला, तरी त्यावरील अधिभारांमुळे प्रत्यक्ष रक्कम कितीतरी पट होते. विमा कंपन्या विमा सुरू वा रद्द झाल्याची माहिती थेट राज्याच्या मोटार वाहन विभागाला कळवतात, त्यामुळे पोलिसांनी अडवले नाही तरी वाहनाची नोंदणी निलंबित होऊ शकते. विम्याविना वाहन चालवताना अपघात झाला, तर चालकाचा परवाना चार वर्षांपर्यंत निलंबित होतो. एका वर्षानंतर तो परत मिळवायचा असल्यास विम्याचा विशेष दाखला सादर करून पुढील तीन वर्षे तो कायम राखावा लागतो. त्याहून कठोर तरतूद १९९६ च्या जनमताने आली: चूक समोरच्याची असली, तरी विमा नसलेल्या चालकाला वैद्यकीय खर्च आणि बुडालेली मिळकत मागता येते, पण सोसलेल्या वेदनांची भरपाई एरवी मिळत नाही, धडक देणारा नशेत गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरला, तरच त्याला अपवाद होतो.

समोरच्याकडे विमा नसेल किंवा अपुरा असेल, तर स्वतःच्या व सोबतच्यांच्या इजेची भरपाई देणारे वेगळे संरक्षणही असते. ते देऊ करणे कंपनीला बंधनकारक आहे आणि ग्राहकाला ते नाकारायचे असल्यास तसे लेखी द्यावे लागते. कॅलिफोर्नियात मोटार घेणाऱ्यांनी त्या नकारावर सही करण्याआधी ते कलम नीट वाचावे.