भाचीचं लग्न आणि आमची दांडेली

फौजीच्या बायकोला भेटेल तो दोनच प्रश्न विचारतो. 'कधी आले?' आणि 'परत कधी जाणार?' आमच्या बेळगावात हे प्रश्न दोन्ही भाषांत येतात. वडगावच्या गल्लीत मराठीत, बाजारात भाजी घेताना कन्नडमध्ये. 'यावाग बंद्री? यावाग होगतीरी?' मधल्या दिवसांत काय करणार, हे कुणी विचारत नाही. त्या दिवसांवर ज्यानं त्यानं आधीच हक्क सांगून ठेवलेला असतो.

जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. कागदावर नव्वद दिवस म्हणजे पुष्कळच झाले की! पण पलटणीतले सगळेच एकदम घरी येऊ शकत नाहीत, पाळीपाळीनं रजा मिळते, आणि मिळते तेव्हा घरात कामांची यादी भिंतीवर लागलेली असते. आत्तींचे डोळे दाखवायचे, शेताच्या वाटणीची सही, गळकं छप्पर, मुलाच्या शाळेतला दाखला. रजेवर आलेला फौजी म्हणजे घरातला बिनपगारी गडी. त्यात पाहुण्यांचं वेगळंच. 'कँटीनमधनं एक मिक्सर काढून दे की', आणि मग आवाज खाली आणून, 'एखादी बाटली?' कँटीनचा कोटा पाहुण्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ!

४ डिसेंबर २०२५ ला आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत त्या तारखेला हे माझ्याजवळ तीनदा होते. दोनदा झाशीला, कारण तिथं क्वार्टर मिळालं होतं. तिसऱ्यांदा रजेवर, पण त्या वर्षी मामंजींचं ऑपरेशन होतं आणि लग्नाचा वाढदिवस आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात चहा पिऊन साजरा केला. दोघंच कुठं फिरायला जाणं हा प्रकार आमच्या घरात नव्हताच. २०२५ च्या मे महिन्यात तो पहिल्यांदा ठरला, आणि मोडला.

हे त्या वर्षी १२ एप्रिलला रजेवर आले. ९ मे ला भाचीचा, म्हणजे माझ्या नणंदेच्या मुलीचा, साखरपुडा होता. तो झाला की दोन दिवस आम्ही दोघांनी बाहेर जायचं, असं मी धीर करून बोलले होते आणि हे 'बरं' म्हणाले होते. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला तेव्हाच पोटात गोळा आला. ७ मे ला सकाळी टीव्हीवर 'ऑपरेशन सिंदूर'ची बातमी सुरू झाली आणि दहाच्या सुमारास ह्यांचा फोन वाजला. अर्ध्या तासात बॅग भरली. शेंगदाण्याची चटणी, आठ भाकऱ्या, लोणच्याची बरणी. मी काही बोलले नाही, हेही बोलले नाहीत. उंबऱ्यावर आत्तींनी हातावर दही दिलं तेवढंच.

त्या दिवसांत कर्नल सोफिया कुरेशी टीव्हीवर माहिती द्यायच्या. गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरची सून म्हणून आमच्या गल्लीत केवढं कौतुक! मलाही अभिमान वाटायचा. रात्री मात्र मी फोन उशाशी घेऊन पडायची आणि मुलांना 'नेटवर्क नसतं तिकडं' असं सांगायची. १० मे ला शस्त्रसंधी झाली. त्यानंतर दोन दिवसांनी ह्यांचा फोन आला. 'जेवलीस?' एवढंच विचारलं.

साखरपुडा मामाशिवाय झाला. पण भाची हट्टाची. 'अक्षता मात्र मामा आल्याशिवाय नाही' असं तिनं सासरच्यांसमोरच सांगून टाकलं. मामानं नवरीला मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही आपली रीत. भटजींनी काढलेल्या तीन तारखा मी फोनवर ह्यांना कळवल्या, ह्यांनी त्या साहेबांपुढं ठेवल्या. मुहूर्त शेवटी ह्यांच्या साहेबांनीच काढला, असं वन्सं अजून हसत सांगतात. ३० नोव्हेंबर, रविवार, धारवाड.

नवऱ्या मुलाचं घर मराठ्यांचंच, पण तीन पिढ्या धारवाडात मुरलेलं. घरात मराठी बोलतात ती अशी, की क्रियापद तेवढं मराठी, बाकी सगळं कन्नड. लग्नपत्रिका दोन्ही भाषांत. ह्यांनी आल्या आल्या मोटारसायकलला पिशवी अडकवली आणि खानापूरपासून हुक्केरीपर्यंत आठ दिवस पत्रिका वाटल्या. रात्री घरी यायचे ते जेवून झोपायचे. एकाच घरात राहून आमचं बोलणं व्हायचं ते 'पाणी तापलंय' आणि 'गाडीत पेट्रोल घातलं का' इतकंच.

लग्न झकास झालं. सकाळी हळदी-सुरगीचं पाणी, मग रुखवत बघायची झुंबड. मुलाकडची मंडळी आमच्या मांडे-कुंद्याकडं बघत होती आणि आम्ही त्यांच्या मादलीकडं. जेवणात जोंधळ्याची भाकरी, एण्णगायी आणि गव्हाची हुग्गी. आमच्याकडच्या एका काकींनी हुग्गीला खीर म्हटलं म्हणून पंगतीत थोडा वाद झाला, पण दोघींनी दोनदा वाढून घेतलं. अक्षतेच्या वेळी तिकडच्या एका आजोबांनी हाक दिली, 'सोदरमाव यल्लदार्री?' हे पुढं झाले. भटजींनी पहिलं 'सावधान' म्हटलं आणि ह्यांच्या टाचा खाडकन जुळल्या. अगदी परेडसारख्या. सगळा मांडव हसला. प्रत्येक सावधानला पोरं मुद्दाम ह्यांच्या पायांकडं बघत होती. ह्यांना पत्ताच नव्हता. ह्यांचं सगळं शिक्षण बेळगावच्या मराठा सेंटरमध्येच झालेलं, आमच्या घरापासून थोड्या अंतरावर. कसम परेड होईपर्यंत गावात असून घरी येता येत नव्हतं, आत्ती दुरून बँड ऐकायच्या म्हणे.

जेवणानंतर ह्यांच्या एका थोरल्या आत्यांनी मला जवळ बसवून घेतलं. 'किती वर्षं झाली गं तुझ्या लग्नाला?' म्हटलं, चौदा होतील गुरुवारी. 'मग संपला की वनवास! आता ये म्हणावं घरी.' त्या सहज बोलून पान लावायला लागल्या. मला मात्र तो घास अडकल्यासारखा झाला. ह्यांची वीस वर्षं नोकरी झालीय. पंधरा वर्षांनंतर पेन्शन पक्की होते, ती कधीच झाली. पुढं राहायचं की यायचं, हे ठरवायची वेळ आली होती आणि मी विचारलं नव्हतं, ह्यांनी सांगितलं नव्हतं.

दांडेलीची युक्ती वन्संची. 'लग्नाहून बेळगावला परत येऊच नका. एकदा उंबऱ्याच्या आत आलात की सुटका नाही. धारवाडहून दांडेली दीड तास. तिकडनंच जा.' मुलीच्या पाठवणीनं डोळे सुजलेले, तरी माझ्या पिशवीत दोन साड्या तिनंच कोंबल्या. मुलांना आत्ती वऱ्हाडाच्या गाडीतून घेऊन गेल्या. 'चौदा वर्षांनी हनिमून काय गं?' असं कुणीतरी गाडीच्या खिडकीतून ओरडलंच. सोमवारी मुलाच्या घरी पूजा झाली, आणि मंगळवारी सकाळी आम्ही हळियाळवरून जाणाऱ्या सरकारी बसमध्ये बसलो.

कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही. कंडक्टरनं माझं आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट फाडलं आणि ह्यांच्याकडं हात पसरला. 'देशाचं रक्षण मी करायचं आणि तिकीटही मीच काढायचं?' असं हे कन्नडमध्ये म्हणाले. कंडक्टर म्हणाला, 'साहेब, बाईंनी घराचं रक्षण केलंय, त्याचं बिल आहे हे.' मी त्या कंडक्टरला आयुष्यभर विसरणार नाही.

ज्यांनी दांडेली पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. गाव काळी नदीच्या काठावर, कागद कारखान्याचं. भोवती जंगल, ज्याला २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. नदी जोयडा तालुक्यात उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. गणेशगुडीजवळ सुपा धरण आहे. तिथून पाणी सोडतात तेव्हा खालच्या अंगाला रबरी होड्यांतून तरुण पोरं किंचाळत जातात. उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे, लिंगायत बांधव श्रद्धेनं जातात. आम्ही यातलं जवळजवळ काहीच केलं नाही.

कारण हे झोपले. नदीकाठच्या एका घरगुती मुक्कामात खोली घेतली होती. दुपारी दोनला जेवून आडवे झाले ते रात्री एकला उठले. मी नवी साडी नेसून ओसरीवर. आधी राग आला. मग पाहिलं, पत्रिका वाटण्यापासून पाठवणीपर्यंत हा माणूस एकदाही पुरा झोपला नव्हता. आणि त्याआधी कधी झोपला असेल देव जाणे. मी पांघरूण घातलं. एवढ्यानंसुद्धा ते दचकले, माझं मनगट धरलं, आणि डोळे न उघडताच सोडलं.

बुधवारी सकाळी समोरच्या झाडावर धनेश आले. काळेपांढरे, चोचीवर शिंगासारखं टोपण. मालकीणबाई कोकणी, कन्नड, मराठी तिन्ही एकाच वाक्यात बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवतो. मी ह्यांना म्हटलं, 'आपलंच की हे. वडगावची ढोली, आणि महिन्याच्या महिन्याला एटीएमची फट.' हे हसले नाहीत. बराच वेळ झाडाकडं बघत बसले.

मग रात्री बोलले. नदीचा आवाज होता, दिवे गेले होते. म्हणाले, 'मे मध्ये फोन आला ना, तेव्हा आधी मला बरं वाटलं होतं. साखरपुडा, पाहुणे, तू ठरवलेलं फिरणं, सगळ्यातनं सुटलो असं वाटलं. तिकडं काय करायचं ते मला कळतं. इथं नाही कळत.' मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू, मला ते ऐकून दोन मिनिटं श्वासच घेता आला नाही. सहा महिने मी त्या बॅगेवरून मनात रडत होते, आणि ह्यांना बरं वाटलं होतं!

पण मग माझ्याही तोंडून निघालं. म्हटलं, 'तुम्ही घरी आलात की तिसऱ्या दिवशी मलाही तुम्ही कधी जाणार याचा हिशेब करावासा वाटतो. गॅसचं बुकिंग, पोराची फी, आत्तींच्या गोळ्या, माझं सगळं बसलेलं असतं, तुम्ही येऊन डबे हलवता. पोरगा तुम्ही समोर असताना परवानगी मला मागतो, ते तुम्हाला लागतं हे मला दिसतं. तुम्ही कायमचे आलात तर कसं राहायचं, हे मलाही येत नाही.' हे म्हणाले, 'मग दोघंही रंगरूटच की.' आणि नोकरी सोडली तर काय, एटीएमच्या दारात निळा शर्ट घालून बसायचं? आमच्या गल्लीत तीन माजी सैनिक तेच करतात. त्यात कमीपणा नाही, पण ह्यांना शेत करायचंय. खानापूर रस्त्याला आमची दीड एकर आहे, अर्धी वाटणीत अडकलेली. पहाटेपर्यंत आम्ही त्या दीड एकरात काजू लावायचे की ऊस, यावर भांडलो. झाशीनंतर इतकं सरळ भांडण पहिल्यांदाच झालं.

गुरुवार, ४ डिसेंबर. आमचा वाढदिवस, त्यातच दत्तजयंती आणि मार्गशीर्षातला गुरुवार. म्हणजे माझा उपास! ह्यांनी आदल्या दिवशी नदीच्या माशांची चौकशी करून ठेवली होती, ती वाया गेली. मालकीणबाईंच्या देवघरात कलश मांडला, धारवाडहून आणलेला पेढा नैवेद्याला ठेवला, आणि तोच ह्यांनी माझ्या हातावर ठेवला. फोटो एकच निघाला. त्यात दोघांचेही डोळे मिटलेले आहेत, मालकीणबाईंच्या मुलानं उन्हाकडं तोंड करून उभं केलं होतं. भाचीनं तोच मागून घेतला.

संध्याकाळी घरी आलो तर आत्तींनी चहाबरोबर यादी पुढं ठेवली. छप्पर, दाखला, वाटणीची सही. हे दोन दिवसांत तीनही कामं करून मोकळे झाले. शनिवारी गोवा एक्स्प्रेसला मी मुलांसह बेळगाव स्टेशनवर गेले. दिल्लीपर्यंत ही गाडी, पुढं दुसरी. कागदपत्रांचं मार्चमध्ये काय ते ठरवून कळवतो म्हणाले, 'आणि तूही तुझं ठरव' असंही म्हणाले. गाडी हलली तशी दारातून वाकून ओरडले,

'पुढच्या डिसेंबरात कुणाचं लग्न आहे का बघून ठेव गं!'

मी वन्संना विचारलंय. त्यांच्या दिराचा मुलगा आहे, कारवारला. मुली बघताहेत.