घोड्याच्या पाठीवर काय घडतं?

घोडा संथ चालत असताना पाठीवरच्या मुलाची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली हलते, किंचित वळतेही. आपण स्वतःच्या पायांनी चालतो तेव्हा कमरेची जवळपास हीच हालचाल होते. घोड्याची मिनिटाला साधारण शंभर पावलं पडतात. दर पावलाला तोल ढळतो, मूल तो सावरतं, आणि पोटापाठीचे स्नायू आपोआप कामाला लागतात. ‘नीट बस’ असं कुणाला सांगावं लागत नाही.

स्वमग्न मुलांपैकी अनेकांची अडचण नेमकी इथे असते: चवड्यांवर चालणं, जिना उतरताना चाचपडणं, चेंडू झेलता न येणं. बोलण्याच्या काळजीत पालकांचं याकडे लक्षच जात नाही.

घोडेस्वारी उपचार म्हणून कशी रुजली? डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखालचे पाय निकामी झाले. घोड्यावर चढायलाही मदत लागणाऱ्या या बाईंनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीचं रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर युरोपात या उपचाराला जोर आला. स्वमग्नतेबाबत अमेरिकेत 127 मुलांवर झालेला 2015 चा अभ्यास महत्त्वाचा. दहा आठवड्यांच्या स्वारीनंतर मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता कमी झाली, शब्द वाढले. स्वमग्नता बरी होते, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता आपल्या सडक अर्जुनी तालुक्याचं बोलू. इथे घोडी दिसते ती वरातीत. बँडच्या गोंगाटात बुजणाऱ्या त्या घोडीवर मुलाला बसवून उपचार होत नाही, उलट अपघात होईल. उपचारात शांत, शिकवलेला घोडा, लगाम धरणारा एक, दोन्ही बाजूंना आधाराला माणसं आणि डोक्यावर हेल्मेट लागतं. फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावंच लागतं.

पण घोडा जे करवून घेतो, त्यातलं बरंच गावात जमतं. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून हात धरून चालवा. झाडाला दोर टाकून झोका बांधा, त्यावर पोटावर झोपवून समोरची वस्तू उचलायला लावा. पाण्याची अर्धी बादली दोन्ही हातांनी उचलू द्या. रोज थोडं, मूल रडकुंडीला येण्याआधी थांबायचं.

कोणता व्यायाम किती, हे मात्र थेरपिस्टनेच ठरवावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. मूल चवड्यांवर चालतं, पडतं, हे त्यांना आवर्जून सांगा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पुढच्या तपासणीची चिठ्ठी मागा.